अल्सरेटिव्ह कोलायटिस, रेशीमकिड्याची पावडर आणि माझे पंधरा महिने

आमच्या पोटाच्या रुग्णांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी विचारतं, "किड्यांची ती आंबवलेली पावडर घेतली का कुणी? फरक पडतो का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. पावडरची गोष्ट मधे येते. त्याआधी काय झालं ते कळल्याशिवाय मी त्या पावडरपर्यंत का पोचले ते कळणार नाही.

सुरुवात नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीनंतर. आव पडायला लागली, मग आवेबरोबर रक्त. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघते. तिथे बायकांसाठी एकच संडास आहे, तोही यंत्रांच्या शेडपलीकडे. सकाळी ऑफिसला पोचेपर्यंत दोनदा, दुपारपर्यंत पाचदा. जवळच्या दवाखान्यात आधी आवेचं औषध दिलं, मग मूळव्याध समजून मलम दिलं. दोन्ही मी इमानेइतबारे घेतली. कुणी पोटाची तपासणी केली नाही, आणि करा असं मीही म्हटलं नाही. त्यात सव्वादोन महिने गेले. रक्त तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस दिसत असेल तर थेट पोटाच्या डॉक्टरांकडे जा, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

जानेवारीत गड्डा यात्रा भरली. सिद्धरामेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला मी लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून एकही वर्ष चुकवलेलं नाही. या वेळी संमती कट्ट्याकडे जाणाऱ्या गर्दीतून अर्ध्यातनं परत फिरले. मुरडा आला की पाच मिनिटंही हातात नसतात. घरी आल्यावर आत्यांनी (माझ्या सासूबाई) मला वजनकाट्यावर उभं केलं. सात किलो कमी. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ८.९.

१ फेब्रुवारी २०२४ ला पोटाच्या डॉक्टरांकडे पहिली भेट. सव्वादोन तास बसले, फी ८०० रुपये. त्यांनी शौचाची साधी तपासणी, कल्चर, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि फीकल कॅलप्रोटेक्टिन लिहून दिलं. ही शेवटची तपासणी नीट समजून घ्या, पुढे सगळं तिच्याभोवती फिरणार आहे. आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशी आतड्यात येतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात उतरतं. साधारण ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर ठीक. सोलापुरात नमुना घेतात, पण माझा मुंबईला गेला. २,४०० रुपये आणि चार दिवस. आकडा आला १,१८०. एक सूचना: नमुना द्यायच्या आधीच्या दिवसांत अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या असतील तर सांगा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्यांनी आकडा वाढू शकतो, आणि या आजारात त्या एरवीही टाळायला सांगतात.

१२ फेब्रुवारीला दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी. तपासणीची भीती होती, पण खरा प्रश्न पाण्याचा निघाला. आमच्या भागात तेव्हा नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं. आदल्या संध्याकाळी पोट साफ करायच्या पावडरचं दोन लिटर पाणी प्यायचं आणि मग रात्रभर संडास. पाण्याचा दिवस १० तारखेला येत होता, म्हणून मी आधी मिळालेली ९ तारीख बदलून १२ घेतली आणि १० ला सगळं भरून ठेवलं. आत्यांनी दोन्ही पिंपं, चार कळश्या, अंघोळीची बादली, शेवटी कुकरसुद्धा भरला. संडासाच्या दाराशी तांब्या आणि स्टूल ठेवून त्या रात्री दोनपर्यंत बाहेर बसून होत्या. "बोलत राहा गं, आत गप्प बसू नको," म्हणायच्या. सोलापूरकरांनी तपासणीची तारीख घेताना पाण्याचा दिवस जरूर बघावा. पावडरचं पाणी गार करून, लिंबू पिळून जरा सोपं जातं. लाल-जांभळ्या रंगाचं सरबत मात्र त्यात घालायचं नाही, रक्ताचा घोळ होतो.

तपासणी झोपेच्या इंजेक्शनखाली झाली, काही कळलं नाही. ७,५०० रुपये, बायोप्सीचे १,८०० वेगळे. बायोप्सीच्या रिपोर्टला सहा दिवस लागले आणि ते सहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच एक जुनाट आजार) हे दोन आजार दुर्बिणीतून इतके सारखे दिसू शकतात की बायोप्सीत टीबीची शक्यता तपासावीच लागते. आणि माझ्या मनात तिसराच शब्द होता, तो मी कुणापाशी काढला नाही. १८ तारखेला निदान झालं: डाव्या बाजूच्या मोठ्या आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होणारा आजार. टीबी नाही, कर्करोग नाही. डॉक्टर म्हणाले, "हा आजार मुळासकट जात नाही, पण झोपवून ठेवता येतो. त्याला झोपवायचं काम गोळीचं, आणि गोळी रोज घ्यायचं काम तुमचं."

आतड्याची सूज उतरवणाऱ्या मेसालामाईनच्या गोळ्या, रात्री त्याचाच एनिमा, आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम. स्टेरॉइड दर आठवड्याला ५ मिलिग्रॅमने कमी करत आणलं. स्वतःहून एकदम बंद करायचं नाही हे त्यांनी तीनदा बजावलं. तोंड सुजलं, झोप उडाली, भूक इतकी की रात्री अकराला कडक भाकरी कुस्करून खायचे. पण रक्त दहाव्या दिवशी थांबलं. औषधांचा खर्च महिन्याला सुमारे ३,२०० रुपये.

मेडिक्लेमचं थोडक्यात सांगते. कंपनीने पहिला दावा नाकारला, कारण काय तर "केवळ तपासणीसाठी दाखल". मी डॉक्टरांकडून पत्र घेतलं. त्यात रक्तस्राव, हिमोग्लोबिन आणि तपासणीनंतर लगेच सुरू केलेले उपचार असं सगळं तारखांसह होतं. ते पत्र कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केलं. तिथूनही नकार आला किंवा महिनाभर उत्तर आलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही. मला तिथवर जावं लागलं नाही. एप्रिलअखेर ६,९०० रुपये मिळाले. प्रत्येक बिलाची मूळ प्रत देण्याआधी फोटो काढून ठेवा.

जूनमध्ये स्टेरॉइड संपून महिना झाला होता. रक्त नव्हतं, पण सकाळची घाई होती. कॅलप्रोटेक्टिन ३४०. म्हणजे आतली धग विझली नव्हती. अशा अर्धवट बऱ्या अवस्थेत माणूस उपाय शोधत सुटतं.

१७ जुलैला आषाढी होती. घरात आत्या माळकरी, आणि पंढरपूर आम्हाला जवळ. परतताना यजमानांच्या मावसभावाकडे मोहोळ तालुक्यात थांबलो. भाऊजी तीन वर्षांपासून रेशीमशेती करतात, दोन एकर तुती. त्यांनी मला शेड दाखवली. रॅकवर बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या, तुतीच्या पाल्यावर तुटून पडलेल्या. शेडभर नुसता खाण्याचा आवाज, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा. एका बाजूला प्लास्टिकच्या चंद्रिका (अळ्यांनी कोष करायच्या जाळ्या), त्यात कोष धरायला लागलेले. भाऊजींनी एक कोष माझ्या कानाशी हलवला, आत टुक टुक वाजलं. "वहिनी, रेशीम काढलं की हा आतला जीव राहतो. कोरियात खातात. आता त्याची आंबवलेली पावडर आलीय, आतड्याच्या सुजेवर चालते म्हणतात." दहा मिनिटांत माझे डोळे सुजले, शिंकांवर शिंका सुरू झाल्या. शेडमधल्या ब्लीचिंग पावडरमुळे असेल म्हणून मी बाहेर आले आणि विसरून गेले.

रात्री मोबाइलवर वाचत बसले. मला किळस वाटली नाही हे इथे सांगायला हवं. आसामात एरी रेशमाचे किडे घरोघरी खातात, बस्तरमध्ये लाल मुंग्यांची चटणी करतात, ओडिशातल्या सिमिलीपालच्या मुंग्यांच्या चटणीला २०२४ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं. कल्पनाही खुळचट नाही. किड्यांच्या कवचात कायटिन नावाचा तंतू असतो, काही चांगले जिवाणू त्यावर पोसू शकतात. आंबवलं की प्रथिनं तुटून बारीक होतात, आपण इडलीचं पीठ आंबवतो त्याच जातीची क्रिया. युरोपीय संघाने २०२१ मध्ये पिवळ्या मीलवर्म या अळीला अन्न म्हणून परवानगी दिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २० निरोगी माणसांना १४ दिवस रोज २५ ग्रॅम रातकिड्यांची भुकटी नाश्त्यात दिली, तेव्हा एक उपयोगी जिवाणू वाढला आणि रक्तातलं सूज दाखवणारं टीएनएफ-अल्फा कमी झालं. मी ते वाचून रडले होते. निरोगी माणसं, रातकिडे, न आंबवलेली भुकटी, चौदा दिवस, हे चारही शब्द डोळ्यांसमोर होते आणि मी त्यांच्यावरून पुढे गेले.

आत्यांना विचारलं. माळकरी बाई, घरात अंडंसुद्धा येत नाही. थोडा वेळ माळेवर हात ठेवून बसल्या, मग म्हणाल्या, "पांडुरंगाला मी सांगते. तू घे." त्या रात्री मी ऑर्डर दिली.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा विक्रेता, २०० ग्रॅमचे ३,६०० रुपये, यूपीआयने आगाऊ. २९ जुलैला पार्सल आलं. विक्रेत्याने फोनवर सांगितलं, "सुरू करायच्या आधी दहा दिवस इंग्रजी गोळ्या बंद ठेवा, शरीर मोकळं होऊ द्या." आणि मी गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांना कळवलं नाही. ही माझी चूक, आणि हे सगळं लिहायला बसले ते मुख्यतः या चुकीसाठी. मेसालामाईन आतड्याच्या अस्तरावर राहून काम करतं. बरं वाटतंय म्हणजे आजार गेला असं नसतं, गोळी त्याला दाबून धरत असते. आठव्या दिवशी रक्त दिसलं. पावडरची पिशवी तोवर फोडलीसुद्धा नव्हती.

६ ऑगस्टला पिशवी घेऊन डॉक्टरांपुढे बसले. ते ओरडले नाहीत. आधी गोळ्या त्याच दिवसापासून पूर्ण मात्रेत, एनिमा पुन्हा रोज. मग म्हणाले, "आता पिशवी बघू." कात्रीने कोपरा कापला. फिक्या तपकिरी रंगाची, हाताला किंचित तेलकट भुकटी. आंबलेल्या पिठाचा वास आणि त्याच्याखाली सुक्या मासळीचा. त्यांनी लेबल वाचायला माझ्याकडेच दिलं. बॅच नंबर नाही. कुठला जिवाणू वापरून आंबवलं ते नाही. शिसं, आर्सेनिक यांच्या तपासणीचा उल्लेख नाही. "समजा, हे खाऊन तुम्हाला चार दिवसांत एकदम बरं वाटलं असतं," ते म्हणाले, "तर मला जास्त काळजी वाटली असती. अशा सुट्या पावडरींमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं."

मग त्यांनी विचारलं, "धुळीची अ‍ॅलर्जी आहे का?"

आहे. कारखान्यात सुताचा भुगा उडतो, सकाळच्या शिंका मला कायमच्या. २०१९ मध्ये त्वचेवर टोचून तपासणी झाली होती, तो कागद घरी शोधला. घरातल्या धुळीतल्या माइटवर (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) ठळक पॉझिटिव्ह. माइट, कोळंबी आणि किडे यांच्यात ट्रोपोमायोसिन नावाचं एक सारखं प्रथिन असतं. ज्याला एकाची अ‍ॅलर्जी आहे त्याला दुसऱ्याची येऊ शकते, आणि रेशीमकिड्याचे कोशित (कोषातला तो जीव) खाऊन तीव्र अ‍ॅलर्जी आल्याच्या नोंदी चीनमधून आलेल्या आहेत. युरोपात मीलवर्मच्या पाकिटावर कवचधारी प्राणी आणि धुळीतले माइट यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी सूचना छापणं बंधनकारक आहे. माझ्या पिशवीवर हसऱ्या पोटाचं चित्र होतं. भाऊजींच्या शेडमधल्या सुजलेल्या डोळ्यांची गोष्ट मी तेव्हा सांगितली. डॉक्टरांनी फाइलवर लाल शाईने लिहिलं: कीटकजन्य पदार्थ टाळावेत.

मी विचारलं, ज्यांना अ‍ॅलर्जी नाही त्यांचं काय? ते म्हणाले, या विषयातले प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे. उंदराला पाण्यातून डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम नावाचं रसायन पाजलं की काही दिवसांत त्याला कोलायटिस होतो, मग अर्क देऊन सूज उतरते का ते पाहतात. काही वेळा उतरते. "तो रसायनाने आठवड्यात घडवलेला आजार असतो. तुमचा तुमच्याच प्रतिकारशक्तीने घडवलेला आहे. उंदरावरून माणसावर यायला मधे बराच रस्ता आहे. रस्ता चुकीचा आहे असं मी म्हणत नाही." हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांनी मला वेड्यात काढलं असतं तर पुढची पावडर मी त्यांच्यापासून लपवून घेतली असती.

घरी येऊन लेबलवरचा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर त्यांच्या फॉसकॉस संकेतस्थळावर टाकला. यासाठी काही भरावं लागत नाही, दोन मिनिटांचं काम. नंबर खरा होता, पण पापड-मसाल्याच्या एका घरगुती उद्योगाचा, पत्ताही दुसऱ्याच जिल्ह्यातला. आपल्याकडे ज्या खाद्यपदार्थाचं मानक ठरलेलं नाही, तो विकण्याआधी २०१७ च्या नियमांनुसार एफएसएसएआयची परवानगी लागते. विक्रेत्याला मेसेज केला: मंजुरीचं पत्र, बॅचचा लॅब रिपोर्ट, आंबवायला वापरलेल्या जिवाणूचं नाव. उत्तरात तीन रुग्णांचे व्हिडिओ आले. पुन्हा मागितलं तर नंबर ब्लॉक.

२० ऑगस्टला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर तक्रार केली. मराठीत बोलता आलं. यूपीआयची पावती, पिशवीच्या दोन्ही बाजूंचे फोटो आणि मेसेजचे स्क्रीनशॉट अपलोड केले. तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवला. पंचवीस दिवसांनी काही न बोलता ३,६०० रुपये खात्यात परत आले. मेसेज मी आधीच सेव्ह केले होते म्हणून हे जमलं. ब्लॉक होण्याची वाट पाहू नका.

गोळी बंद केल्याची किंमत सहा आठवड्यांची होती. सप्टेंबरमध्ये पुन्हा चार-पाच वेळा जावं लागायचं, ऑफिसात मी शेवटी मालकांना सरळ आजाराचं नाव सांगितलं. त्यांनी शेडपलीकडच्या संडासाशेजारी दुसरा बांधून घेतला, त्यात पाण्याची वेगळी टाकी. दहा महिने मी हे लाजेने बोलले नव्हते. सुदैवाने स्टेरॉइड पुन्हा लागलं नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी घरातलंच बघितलं: आजार उसळलेला असताना शेंगाची चटणी आणि जाड भाकरी बाजूला, मऊ भात, मुगाचं वरण, दुधी. शांत झाल्यावर एकेक पदार्थ तीन दिवसांच्या अंतराने परत आणायचा आणि वहीत लिहायचं. शेंगाची चटणी मला नोव्हेंबरात परत मिळाली, आधी चिमूटभर. ताक मला चालतं, दूध चालत नाही. तुमचं वेगळं असेल.

कॅलप्रोटेक्टिन ऑक्टोबरात ११०, डिसेंबरात ६२. ११ फेब्रुवारी २०२५ ला पुन्हा दुर्बीण, या वेळी फक्त डावीकडचा भाग. ३,५०० रुपये आणि तयारीला नुसता एनिमा पुरला. अस्तर भरून आलं होतं. डॉक्टरांनी पडद्यावर दोन्ही वर्षांचे फोटो शेजारी लावून दाखवले, आणि आत्यांनाही आत बोलावलं. मेसालामाईन चालूच राहणार. ते किडनीला झेपतंय ना हे बघायला क्रिएटिनिनची तपासणी अधूनमधून.

भाऊजींना सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच शेडच्या दाराशी माझ्यासाठी मास्क टांगून ठेवला. मी आता आत जात नाही, बाहेर तुतीच्या बांधावर बसते.

त्याच ग्रुपवरच्या बार्शीच्या एका ताईंनी हे कळल्यावर मला फोन केला. त्यांनी तीच पावडर अडीच महिने घेतली होती आणि गोळ्या बंद होत्या. बरं वाटतंय म्हणाल्या, पण तपासलेलं काहीच नव्हतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की पिशवी टाकू नका, डॉक्टरांकडे तशीच घेऊन जा, आणि कॅलप्रोटेक्टिन करा. मागच्या सोमवारी त्या सोलापूरला आल्या, मी रजा काढून बरोबर गेले. नमुना मुंबईला गेलाय. रिपोर्ट शुक्रवारी येईल.